मोठ्या बाईंची गाजरे

मोठ्या बाईंनी साठी जवळ येईपर्यंत एकही झाड लावले नव्हते आणि ही गोष्ट त्या काहीशा अभिमानाने सांगत. "झाडांचं मला काही कळत नाही आणि झाडांनाही माझं काही कळत नाही. आमचं उत्तम चाललं आहे," असे त्यांचे म्हणणे असे. अशा बाईंनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दसऱ्याला कुंड्यांत गाजराचे बी पेरले आणि येत्या संक्रांतीला गल्लीतल्या प्रत्येक घरच्या सुगडात आपल्या गच्चीवरचे गाजर जाईल, असे जाहीर करून टाकले. जाहीर हा शब्द मी जपून वापरतो आहे. प्रार्थना संपल्यावर शाळेला सूचना द्याव्यात त्या आवाजात, गच्चीच्या कठड्याशी उभे राहून त्या म्हणाल्या, "शहागंजच्या बाजारातून कुणीही गाजर आणायचं नाही. आणलेलं चालणार नाही."

खाली अंगणात धुणे वाळत घालणाऱ्या राधाकाकूंनी मान वर करून विचारले, "आन् नाय उगवलं तर?"

"उगवेल. न उगवून सांगतं कुणाला!"

त्या काळच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यामागच्या एका गल्लीत हे दुमजली घर होते. घर राधाकाकूंचे. त्यांचे यजमान पाटील जिल्हा परिषदेत नोकरीला होते आणि फुलंब्रीकडे त्यांची शेती होती. खालच्या मजल्यावर पुढे पाटील मंडळी, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी पत्नी शैला, आणि वर एक खोली व गच्ची एवढ्या साम्राज्यात मोठ्या बाई. मुलींच्या ज्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या, त्याच शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. त्यामुळे शाळेत त्या माझ्या वरिष्ठ होत्या आणि घरी तर माझ्या डोक्यावरच राहत असत. मी फारसा बोलत नाही हे त्यांना पटत नसे. "देशपांडे, बोला. शब्दांवर जकात नाही," असे त्या शिक्षकांच्या बैठकीत सर्वांसमक्ष म्हणत, आणि मग जे दोन शब्द सुचलेले असत तेही जात.

बाई उंचीने बेताच्या होत्या. कडक खळीचे, बारीक काठांचे पातळ, जाड भिंगांचा चष्मा, आणि बाराही महिने हातात छत्री. ती छत्री उघडलेली मी क्वचितच पाहिली. फळ्यावरचा शब्द दाखवायला, व्हरांड्यातली गडबड थांबवायला, टांग्याला हात करायला आणि कुणाचे म्हणणे मधेच तोडायला ती उपयोगी पडे. टांगेवाले, शिपाई आणि शहागंजातले निम्मे दुकानदार त्यांना बडी बाई म्हणत. हैदराबादेत उर्दूतून शिकलेल्या बाई पोलीस ॲक्शननंतर मराठी शाळा भराभर उघडल्या तेव्हा या शहरात आल्या. मराठी वाचता येते, एवढ्या भांडवलावर तेव्हा माणसांना शिक्षक करून घेत. बाईंनी ते भांडवल पुढे पुष्कळ वाढवले. पण पाढे मात्र त्यांच्या मनात शेवटपर्यंत उर्दूतच राहिले. गणित घालताना ओठ हलत ते उर्दूत आणि उत्तर बाहेर येई ते मराठीत. रागावल्यावरही त्या उर्दूच बोलत, आणि ती इतकी अदबशीर असे की आपल्यावर कुणी रागावले आहे हे मुलींना घरी गेल्यावर समजे.

बाईंच्या नावावर जितक्या गोष्टी सांगितल्या जात, त्यांतल्या बहुतेक मुली शाळेत आणण्याच्या होत्या. मी स्वतः पाहिलेली एकच सांगतो. शहागंजातल्या एका कापड दुकानदाराने आपली हुशार मुलगी सातवीतून काढली. बाई मला बरोबर घेऊन दुकानात गेल्या आणि गादीवर बसल्या. दुकानदाराने नमस्कार करून विचारले, "बाई, काय दाखवू?"

"तुमची मुलगी दाखवा."

तो हसला. लग्नाचे बघतो आहोत, घरात कामे असतात, असे काहीबाही म्हणाला. बाई म्हणाल्या, "बरं. मग ते वरचं निळं ठाण दाखवा." त्याने निळे ठाण उलगडले. मग हिरवे. मग त्याच्याखालचे. बाई प्रत्येक ठाण चष्म्याजवळ नेऊन पाहत, "चांगलं आहे," म्हणत आणि पुढच्याकडे छत्री दाखवीत. दुपार झाली. गादीवर कापडाचा डोंगर झाला, खरे गिऱ्हाईक दारातून परत जाऊ लागले आणि बडी बाई समोर असल्याने दुकानदाराला ना ओरडता येईना, ना जेवायला उठता येईना. शेवटी त्याने हात जोडले. "उद्यापासून पाठवतो, बाई."

"उद्या कशाला? मधली सुट्टी संपायची आहे अजून," म्हणून बाईंनी दुकानामागच्या घरातून मुलगी उठवली आणि आम्ही तिघे शाळेकडे चालू लागलो. दुकानातून निघताना त्यांनी मागे वळून सांगितले, "ठाणांच्या घड्या नीट घाला. कापड चांगलं आहे."

वर्गात जागा नाही हे कारण त्यांना मान्य नव्हते. दोघींच्या बाकावर तिघी बसत, तिघींच्या बाकावर चौघी, आणि पाचवी घरून बस्कर घेऊन येई. आमच्याकडच्या शाळांत मुलांच्या नावांची जी वही असते तिला दाखल-खारिज म्हणतात. बाईंच्या मते त्यातल्या दुसऱ्या शब्दाची काही आवश्यकता नव्हती. महिना महिना न येणाऱ्या मुलीचे नाव कमी करा, असे वरून आलेले एक साहेब एकदा म्हणाले. बाईंनी त्यांना चहा दिला, बिस्किटे दिली, आणि मुलीचे नाव होते तिथेच ठेवले. "खारिज करायला काय लागतं? रेघ ओढली की झालं. रेघ ओढायला मला सरकारनं नेमलेलं नाही," असे त्या साहेब गेल्यावर मला म्हणाल्या. साहेब असतानाही म्हणाल्या असत्या. पण बिस्किटे खाणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, असा त्यांचा नियम होता.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की गाजरांच्या बाबतीत पुढे जे घडले, त्याचे मूळ इथेच आहे.

पण आधी संक्रांतीविषयी सांगायला हवे. आमच्या गल्लीत संक्रांतीची दुपार बायकांची असे. मातीची बोटभर उंचीची सुगडे आणायची, त्यांवर हळदीकुंकवाची बोटे ओढायची, आत गाजर, बोरे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे आणि तिळगूळ भरायचा आणि सवाष्णींनी ती एकमेकींना द्यायची. बाईंनी लग्न केले नव्हते. त्यामुळे सवाष्णींत त्यांना बोलावता येईना आणि लहान मुलींत बसवता येईना. त्यांना टाळावे असे कुणाच्याच मनात नव्हते; पण कोणत्या नात्याने बोलवावे, हे ठरवणे कुणाला जमत नव्हते, आणि न ठरलेली गोष्ट वर्षानुवर्षे तशीच राहून जाते. बाईंनी स्वतः त्यावर विनोद करून ठेवला होता. "मी या वॉर्डातली सर्वात ज्येष्ठ कुमारिका," असे त्या म्हणत आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. संक्रांतीची सुट्टी असूनही त्या दुपारी बाईंना शाळेत हटकून काम निघे. छत्री घेऊन त्या बाहेर पडत, कचेरी उघडून बसत आणि दिवेलागणीला परत येत.

निवृत्त होताना त्यांनी कचेरीची किल्ली परत दिली. आता त्या दुपारी जायचे कुठे, हा प्रश्न उरला. हे माझ्या लक्षात आले नव्हते. शैलाच्या आले. गाजरांची घोषणा ऐकून मी हसू लागलो तेव्हा ती म्हणाली, "हसू नका. बाईंना यंदा खाली यायचं आहे. रिकाम्या हातानं कशा येतील?"

त्यानंतर त्या कुंड्यांकडे पाहताना मला हसू येत असे आणि काळजीही वाटत असे.

कुंड्या निरोप समारंभात मुलींनी दिल्या होत्या. त्यांत गुलाब होते. गुलाबांनी बाईंच्या हाताखाली महिनाभर काढला आणि माना टाकल्या. कुंडी रिकामी ठेवणे बाईंना वर्ग रिकामा ठेवण्यासारखे वाटले. माती राधाकाकूंनी शेतातून मागवून दिली. काळीभोर, चिकट, राधाकाकूंच्या भाषेत "लोण्यावाणी". अशी माती शहरात मिळायची नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. ती कपाशीची माती आहे, गाजराला भुसभुशीत लागते, हे दोघींपैकी कुणीही बोलले नाही. बाईंना माहीत नव्हते म्हणून आणि राधाकाकूंनी गाजर कधी लावले नव्हते म्हणून. त्यांच्या शेतात गाजराला मानच नव्हता. "ते काय पीक हाय व्हय? जनावरं खात्यात," असे त्या म्हणत.

बी शहागंजातून आले. जिऱ्याहून बारीक दाणे पाहून बाईंना पुडी फसवी वाटली. त्यांनी ती सगळीच्या सगळी कुंड्यांत ओतली, वर मातीचा हात फिरवला, ओले गोणपाट टाकले आणि वाट पाहू लागल्या. मेथी चार दिवसांत वर येते, एवढाच त्यांचा अनुभव होता. गाजर येईना. आठवडा गेला, पुढचा निम्मा गेला. रोज सकाळी गोणपाट उचलून त्या आत डोकावत आणि आमच्या खिडकीत त्यांचा आवाज येई, "तशरीफ लाइए, साहब. कब तक इंतज़ार करवाइएगा?" उर्दू ऐकून मी ओळखले की बाई संतापल्या आहेत.

आणि मग एका सकाळी सगळे एकदम आले. कुंडीत माती दिसेना. हिरव्या केसांचे टोपच घातल्यासारखे दिसू लागले. बाईंनी खाली सर्वांना हाका मारल्या. आम्ही वर गेलो. राधाकाकूंनी वाकून पाहिले आणि अनुभवी हात कुंडीकडे नेला.

"लई दाट झालंय, बाई. मधली उपटून टाका. चार बोटांवर एकेक ठेवा."

"उपटून कुठं टाका?"

"कुठं म्हंजे? उकिरड्यावर. न्हाईतर गायीला."

बाईंनी छत्री आडवी धरली. "हरगिज नाही. आलेत ते सगळे राहतील."

"अवो, पोसायची कशी? एका कुंडीत एवढी?"

"दाटीवाटीनं बसतील. बसतात."

"ही काय पोरी हायत व्हय बाकावर बसायला?" राधाकाकू कळवळून म्हणाल्या. "येक बी धड व्हायचं नाय. दोरे निघतील दोरे!"

"मग यांतलं कोणतं काढू ते तुम्ही दाखवा. दाखवा ना! हे? हे का? यानं काय केलंय?"

राधाकाकूंनी कुंडीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि आपण हजारो रोपे उपटलेली असूनही त्यांना त्या क्षणी एकही दाखवता आले नाही. "तुमच्याशी बोलायला वकीलच पायजे," म्हणून त्या जिना उतरल्या.

दाटी मोडायला हवी, हे मात्र बाईंना पटले होते. त्यांनी आपल्या पद्धतीने तोड काढली. शाळा भरली की दुसरी तुकडी काढायची. अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या टोकाने त्या एकेक रोप मुळासकट उचलू लागल्या आणि गल्लीत वाटू लागल्या. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, गळके माठ, कान तुटलेली बादली, जे मिळेल त्यात. प्रत्येक घरी रोप देताना त्या गृहिणीला सांगत, "ही तुमच्याकडे पाठवते आहे. आबाळ होता कामा नये." दिवाळी संपेपर्यंत गल्लीतला एकही कठडा मोकळा राहिला नाही. आमच्या वाट्याला एक डबा आला. मी त्याला घाबरून दोनदा पाणी घालत असे.

गाजराचे रोप एकदा जमिनीतून हलवले की त्याचे मूळ सरळ जात नाही, हे तेव्हा गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हते. वरून पाहता सगळे उत्तम होते. पाला माजला होता. रोज सकाळी बाई छत्री घेऊन तपासणीला निघत आणि घराघरांतून सबबी ऐकू येत.

"काल नळाला पाणीच आलं नाही हो, बाई."

"चहापुरतं आलं होतं?"

"तेवढं होतं..."

"मग त्यातलं अर्धं हिला."

एका घरी शेळीने पाला खाल्ला. त्या घरातले सगळे पुरुष बाईंना चुकवण्यासाठी काही दिवस मागच्या दाराने कामाला जात होते. हे सर्व हसण्यासारखे होते आणि गल्ली हसतही होती. पण मार्गशीर्ष सरत आला तसे मला दिसू लागले की हसणाऱ्या बायकाही सकाळी उठल्यावर आधी डब्याकडे पाहतात.

संक्रांतीच्या आदला दिवस भोगीचा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या भाज्या एकत्र केलेली भोगीची भाजी घरोघर होते. त्या सकाळी गाजरे काढायची ठरली होती. गल्लीतल्या बायका गच्चीवर जमल्या. बाईंनी त्यातल्या त्यात ठेवणीतले पातळ नेसले होते. त्यांनी पहिल्या कुंडीतला सर्वात डौलदार पाला मुठीत धरला आणि ओढला. तो येईना. काळी माती वाळून दगड झाली होती. पुन्हा ओढला. मग मातीचे एक मोठे ढेकूळ निघाले आणि ते फोडल्यावर आतून गाजर बाहेर आले.

त्याला दोन पाय होते. एक पाय दुसऱ्यावर टाकलेला, आणि कमरेत ते असे वळलेले की जणू कुणाची वाट पाहून कंटाळले आहे.

बाईंनी दुसरे काढले. त्याला तीन पाय. तिसरे करंगळीएवढे आणि मळसूत्रासारखे पिळलेले. डब्यांतली आली ती त्याहून नामी. शेवटी राधाकाकूंचा बांध फुटला. "अगं आई गं! बाई, हे तर गाव सोडून पळायलेत की!" आणि गच्चीवर जो हशा उसळला त्यात सगळ्या सामील झाल्या. शैलाही हसली. मी जिन्याच्या दारात उभा होतो, मीही हसलो.

बाईही थोड्या हसल्या. मग त्यांनी हात झटकले. "माती चिकट होती," त्या म्हणाल्या.

"माती? माझ्या मातीला नाव ठेवू नका. तुम्ही आकड्यानं उकरून उकरून त्यांचे पाय मोडले!"

"असेल. दोघींचं असेल." बाईंनी चष्मा पुसला. "सूचना मागं घेते. उद्याची गाजरं शहागंजातून आणा. अजून बाजार उठला नसेल." आणि गाजरांची पाटी तशीच ठेवून त्या खोलीत गेल्या. दार लावल्याचा आवाज मोठा नव्हता.

बायका उतरल्या. जिन्यात कुणीच हसत नव्हते. खरे सांगायचे तर बाजाराला जाण्याची गरज कुणालाच नव्हती. प्रत्येक घरात, असावे म्हणून, शहागंजातल्या गाजरांची एकेक जुडी आधीच येऊन पडली होती. राधाकाकूंच्या ओट्याखाली तर दोन होत्या; शैलाने स्वतः पाहिल्या होत्या.

संक्रांतीच्या सकाळी राधाकाकू वर गेल्या. गच्चीवरचे बोलणे आमच्या खिडकीत स्वच्छ ऐकू येई.

"बाई, गाजरं द्या."

"ती देण्यासारखी नाहीत, राधाबाई. काल पाहिलीत ना?"

"सुगडात काय गाजराचं रूप बघायचं असतंय?"

"बाजारची घाला. कालच सांगितलं मी."

"बाजारची कालच्या भाजीत गेली."

"सगळी?"

"सगळी. आमच्या मालकाला भोगीची भाजी लई आवडती."

"आणि इतरांची?"

"त्यांच्या बी मालकाला आवडती."

मग बाई म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलता आहात."

"व्हय," राधाकाकू म्हणाल्या. "धुऊन ठेवा. माती लई चिकट हाय."

दुपारी पाटील आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांची जागा तीच. पाटलांनी सकाळपासून गाजराची कोशिंबीर, गाजराची भाजी आणि नुसते गाजर खाल्ले होते. "देशपांडे सर, भाजी मला मुळीच आवडत नाही हो," ते हळूच म्हणाले. पुढच्या खोलीचे दार उघडे होते. आत सतरंजीवर बायका, मधे सुगडांची रांग, आणि गाजर सोडून सगळे भरलेले.

बाई उतरल्या. हातात धुतलेल्या गाजरांची पाटी, छत्री नव्हती. छत्रीशिवाय त्या मला अगदीच अनोळखी वाटल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी पाटी आत सरकवली आणि म्हणाल्या, "घ्या. निघते मी. थोडं काम आहे."

राधाकाकूंची बोटे हळदीने भरलेली होती. त्यांनी वरही पाहिले नाही. "दारात उभ्या राहू नका बाई, वाट अडती. आत सरका."

"मी निघालेच आहे."

"मग हे वाटून जा. कुणाला कोणतं द्यायचं ते आम्हाला काय म्हाईत? समदी येगयेगळी हायत. ए, सरका गं जरा तिकडं. बाईंना टेकू द्या."

बायका सरकल्या. दोघींच्या जागेत तिघी झाल्या. बाईंनी एकदा मागे ओट्याकडे, आमच्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. मदत करण्याचा दुसरा प्रकार मला सुचला नाही. त्या आत जाऊन बसल्या.

त्यानंतर आत जे चालले त्याला हळदीकुंकू म्हणावे की लिलाव, ते मला सांगता येत नाही. गाजरे कापायला कुणी तयार होईना. प्रत्येकीला अख्खे हवे होते, आणि शक्य तितके वाकडे. "मला तो नाचणारा द्या!" "हे माझ्या डब्यातलं, मी ओळखलं, माझ्याकडेच यायला पाहिजे!" कोपऱ्यात बसलेल्या जोश्यांच्या नव्या सुनेकडे पाहत राधाकाकू म्हणाल्या, "हिला ते दोन पायांचं द्या, बाई. वरीसभरात घरात दोन पाय वाढतील!"

हास्याचा नुसता पूर आला. नवी सून लाल झाली. बाईंनी ते गाजर उचलले, चष्म्याजवळ नेले आणि पाटीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिले. "तिची बी.ए.ची परीक्षा आहे मार्चमध्ये. ती होऊ द्या आधी. तिला हे सरळ देते."

"सरळ हाय तरी का त्यात?"

"एकच निघालं. तिच्यासाठीच ठेवलं होतं."

पाटील इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आत पाहिले. राधाकाकू गुडघ्यावर येऊन बाईंच्या कपाळाला बोट लावीत होत्या आणि बाई, शाळेत कुणी पुरस्कार द्यायला आले की बसत तशा, पाठ ताठ करून डोळे मिटून बसल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला दुसऱ्या गावी जावे लागले. तिथे असतानाच, बाई पुतण्याकडे राहायला गेल्याचे समजले, आणि नंतर जे समजायचे तेही समजले. मधल्या महिन्यांत मी त्यांना रोज पाहत होतो. पण आता बाई आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या. बायका अजून आत होत्या. बाई एकट्या बाहेर आल्या आणि जिन्याशी थांबल्या. दोन्ही हातांत, सांडेल अशा काळजीने, एक भरलेले सुगड धरले होते.

"देशपांडे."

"जी."

"हे मला दिलं."

"हो, बाई."

"हे घरी नेऊन याचं करायचं काय असतं?"

मी विचार करू लागलो. आमच्या घरी दरवर्षी सुगडे येत आणि जात. ती कुठे ठेवतात, किती दिवस ठेवतात, आतले कुणी खायचे असते, यातले काहीही मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले.

"शाबास," बाई म्हणाल्या. "एक एम.ए. आणि एक बी.ए., बी.टी."

त्या दोन पायऱ्या चढल्या आणि पुन्हा थांबल्या. खोलीची किल्ली कमरेला होती आणि हात मोकळे नव्हते. मी घाईने पुढे होऊन म्हटले, "आणा, मी धरतो."

"नको. राहू द्या." त्यांनी खोलीतल्या गलक्याकडे कान दिला. "राधाबाई मोकळ्या झाल्या की त्यांना विचारीन. बसते इथंच. काही घाई नाही."

त्या पायरीवर बसल्या, सुगड मांडीवर घेतले, आणि वारा सुटला होता म्हणून त्यावर पदर धरला.